अबॅकस, पाढे की ट्रिक्स?

ताई, स.न.वि.वि.

आम्ही मिरजेला असतो. थोरला सहावीत, धाकटी तिसरीत, दोघंही सेमीला. गणितावरून घरात रोज संध्याकाळी वादावादी ठरलेली. सासरे म्हणतात, तीसपर्यंत पाढे आणि पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) पाठ झाल्याशिवाय गणित येत नसतं, आम्ही असंच शिकलो. मिस्टरांना कुणीतरी वैदिक गणिताच्या ट्रिक्सचे व्हिडिओ पाठवलेत, ते थोरल्याला दाखवत बसतात. शेजारच्या मुलीला अबॅकस लावलाय. ती डोळे मिटून बोटं हलवत बेरजा करते, ते बघून धाकटीनं हट्ट धरलाय. क्लासवाले म्हणतात, दोन वर्षांची फी एकदम भरली तर सूट देऊ. शाळेतल्या बाई मणी आणि काड्या घेऊन शिकवतात, पण सासऱ्यांच्या मते तो पोरखेळ आहे.

धाकटी 42 मधून 17 गेले की 35 लिहून मोकळी होते. थोरल्यानं परवाच्या चाचणीत 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं. मला स्वतःला गणिताची धास्तीच होती, त्यामुळे कुणाचं ऐकावं कळत नाही. दोघांसाठी मिळून एक चांगली पद्धत सांगा, मी तीच धरून बसेन.

एक आई, मिरज

*

तुमच्या पत्रातले सगळ्यांचे सल्ले मी आधी बाजूला ठेवले आणि ती दोन चुकलेली उत्तरंच चार-चार वेळा वाचली. पस्तीस आणि दोन पंचमांश. तुमच्या मुलांनी तुम्हाला जे सांगायचं ते त्या दोन उत्तरांत सांगून टाकलंय.

धाकटीचं 35 बघा. ही अंदाजपंचे केलेली चूक नाही. एकक स्थानी 2 मधून 7 जात नाहीत, मग तिनं 7 मधून 2 काढले, पाच. दशकाला 4 मधून 1, तीन. कधीतरी कुणीतरी तिला सांगितलंय की मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि ती ते इमानेइतबारे पाळतेय. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं काढली. दुसरी-तिसरीचा असा एकही वर्ग मला आठवत नाही, ज्यात हे 35 मला भेटलं नाही. या मुलीला 42 हे चार दहा आणि दोन असं दिसत नाही. तिच्या लेखी तिथे एक चार आहे आणि शेजारी एक दोन आहे, एका बाकावर बसलेल्या दोन मुलींसारखे.

थोरल्यानं अंशात अंश मिळवला, छेदात छेद. त्यालाही कारण आहे. गुणाकारात असंच करतात आणि ते बरोबर येतं. गुणाकाराच्या घरातला नियम त्यानं बेरजेच्या घरात नेऊन ठेवला. त्याला 1/2 ही एक संख्या वाटत नाही, रेघेच्या वर एक आणि खाली दोन एवढंच वाटतं.

म्हणून दोघांसाठी मिळून एक पद्धत हा विचार सोडून द्या. एकीचं अडलंय दशक-एककापाशी, दुसऱ्याचं अपूर्णांकापाशी. अबॅकस, ट्रिक्स, तीसपर्यंतचे पाढे यातली कुठली गोष्ट नेमकी तिथे हात घालते, एवढंच बघायचंय.

आधी धाकटीचं. शाळेतल्या बाई मणी वापरतात म्हणता, तर त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं चाललंय ते अगदी बरोबर आहे. लहान मुलाचा गणितातला रस्ता हातातल्या वस्तूपासून सुरू होतो. मग त्या वस्तूंबद्दल बोलणं, मग चित्र, आणि सगळ्यात शेवटी 42 − 17 अशा खुणा. केंद्र सरकारच्या 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही हाच क्रम आहे. आपण घरी काय करतो, तर शेवटची पायरी आधी गाठायला लावतो आणि मूल घसरलं की वरून ओरडतो.

घरी एक गणितमाळ करा. शंभर मणी, दोनच रंग. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे ओवत जा. दोरा जाड घ्या. दोन खिळ्यांना आडवी ताणून बांधा आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा जवळ ठेवा. आता धाकटीला म्हणा, बेचाळीसनंतर चिमटा लाव. सुरुवातीला ती एकेक मणी मोजेल, मोजू द्या. दोन-तीन दिवसांत तिला दिसेल की चार पट्टे संपले की चाळीस, पुढे दोन. त्या दिवशी तिला दहा दिसायला लागले असं समजा. मग सतरा मागे जायला सांगा, पण कसं जायचं ते सांगू नका. एखादी मुलगी आधी दोन मणी मागे येऊन चाळीसवर थांबते, तिथून दहा मागे तीस, आणि उरलेले पाच मागे पंचवीस. दुसरी आधी दहा मागे जाऊन बत्तीसवर येते आणि मग सात काढते. तिसरी वीस मागे जाऊन तीन पुढे येते, ती तर कमाल. तिन्ही बरोबर आहेत. तिनं केलं ते तुम्ही वहीत तिच्या शेजारी लिहीत जा. 42, 40, 30, 25. मणी एकीकडे आणि वही दुसरीकडे असं झालं की मण्यांचा खरंच पोरखेळ होतो, तेवढ्यापुरतं तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

माळेनंतर नोटा घ्या. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी तिच्या हातात द्या आणि सतरा रुपयांची कोथिंबीर विका. तिच्याकडे सात रुपये सुटे नाहीत. मग काय करायचं? वाण्याकडून दहाची नोट सुटी करून आणायची. हे तिला शिकवावं लागत नाही, दुकानात तिनं शंभरदा बघितलंय. एक नोट मोडली, आता तीन नोटा आणि बारा नाणी. बारातून सात गेले पाच, तीनातून एक गेली दोन. उभ्या मांडणीत वर आपण जो बारीक 3 आणि 12 लिहितो, तो हाच. 'उसने घेणे' या शब्दावर माझा जुना राग आहे. शेजारून उसनी आणलेली साखर परत द्यावी लागते, आणि वजाबाकीतला उसना दहा कुणी कधी परत दिलेला मी पाहिला नाही. 'दशक सुटा केला' म्हणा, मूल त्यात अडकत नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण सेमीच्या मुलांना इथे दुहेरी त्रास होतो. मराठीत आपण बेचाळीस म्हणताना आधी 'बे' म्हणतो, म्हणजे एकक आधी, आणि लिहिताना चार आधी. त्रेपन्न ऐकून 35 लिहिणारी मुलं आळशी नसतात, ती कानांवर विश्वास ठेवतात. शाळेत फॉर्टी-टू, घरी बेचाळीस, आजोबांकडे आणखी काही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस दोन', 'पन्नास तीन' असं वाचन आलं तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत किती टिंगल झाली ते तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. पुस्तकात जुने शब्द होतेच, त्यांच्या शेजारी हे दिले होते. मला ती सुधारणा तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. तुम्ही घरी कुणाची परवानगी न घेता दोन्ही म्हणा. 'बेचाळीस, म्हणजे चाळीस दोन.' एकोणचाळीसचं कोडंही तिला उलगडून सांगा. चाळीसला एक उणा. एकोणपन्नास, एकोणसाठ, ती स्वतःच पुढे म्हणत जाईल आणि नव्व्याण्णवला पोहोचली की भांडेल की याचं एकोणशंभर का नाही. भांडू द्या.

आता सासऱ्यांचे पाढे. इथे मी अर्धी त्यांच्या बाजूची आहे. पाढे यायलाच हवेत. ज्या मुलाला सात आठे छप्पन्न सांगायला बोटं मोजावी लागतात, ते भागाकाराच्या मधोमध सात आठे मोजत बसतं आणि आपण भागाकार करत होतो हेच विसरतं. सगळी ताकद तिथेच खर्च होते. पण तीसपर्यंत कशासाठी? पूर्वी कॅल्क्युलेटर नव्हता, शेर-पायली-आण्यांचा हिशोब तोंडी करावा लागायचा, तेव्हा त्याला अर्थ होता. आज दहापर्यंतचे पक्के असावेत. पुढे बारा, पंधरा आणि पंचवीस आले तर रोजच्या उपयोगाचे.

आणि दहापर्यंतचे म्हणजे तरी किती? दहा दाहे शंभर घरं. तीन सत्ते आणि सात त्रिक एकच, हे धाकटीला एकदा चौकटीच्या कागदावर तीन ओळी-सात रकाने काढून, मग कागद फिरवून दाखवा. शंभराची पंचावन्न होतात. एकचा, दोनचा, पाचचा आणि दहाचा पाढा मुलांना सहज येतो, तो वगळा. उरतात फक्त एकवीस गुणाकार. एकवीस! वर्षाच्या शेवटापर्यंत दर पंधरवड्याला एक म्हटलं तरी संपत आले. तेही जोडून जोडून. सात आठे आठवत नाही ना, सात चोक अठ्ठावीस तर येतं, त्याची दुप्पट कर. अशी दोन-चारदा स्वतः शोधलेली छप्पन्न पुन्हा विसरत नाही. आजोबांना म्हणावं, पाढा म्हणून घ्या पण मधूनच विचारा. 'सात सत्ते एकोणपन्नास, मग सात आठे किती वाढले?' एका दमात गाऊन दाखवणारं मूल मधूनच विचारलं की पहिल्यापासून गाडी सुरू करतं, हे त्यांनाही माहीत असेल.

अबॅकसबद्दल. आपल्याकडे क्लासांत बहुधा जपानी धाटणीची मण्यांची पाटी वापरतात, वरचा एक मणी पाचाचा आणि खालचे चार एकेकाचे. त्यावर चार मिळवायचे आणि खाली मणी उरले नाहीत तर पाचाचा आत आणि एक बाहेर. हे छान आहे, पाच आणि दहाच्या जोड्या बोटांत बसतात, वेग येतो, मुलाला आत्मविश्वासही येतो. शेजारची मुलगी डोळे मिटून करते ते खोटं नाही. पण त्या वेगाची तुमच्या धाकटीला आत्ता गरज आहे का? तिला 42 दिसत नाही, आणि न दिसणारं भराभर करून काय मिळणार? शिवाय पाटीवर अपूर्णांक नाहीत, आकृत्या नाहीत आणि 'या गणितात बेरीज करायची की वजाबाकी' हे ठरवणंही नाही. तिला हौस असली तर लावा, नाचाच्या क्लासला लावतो तसं. गणितावरचा इलाज म्हणून लावू नका, आणि दोन वर्षांची फी एकदम तर अजिबात भरू नका. तिसऱ्या महिन्यात तिचा उत्साह संपला तर तुमची सूट तुम्हालाच महागात पडेल.

ट्रिक्सवाल्या मिस्टरांना हे वाचून दाखवा. 97 × 96. शंभराला तीन कमी, चार कमी. 97 मधून चार काढले 93, तीन चोक बारा. उत्तर 9312. पहिल्यांदा बघताना मलाही मजा वाटली होती. पण थोरल्याला पुढचा प्रश्न विचारा, असं का होतं? (100 − 3) गुणिले (100 − 4) उलगडून बघ म्हणावं. दहा हजारातून तीनशे आणि चारशे गेले आणि बारा आले. हे उलगडणं म्हणजे पुढच्या इयत्तांत येणारं बीजगणित, आणि सहावीच्या मुलाला ते आजच समजलं तर सोन्याहून पिवळं. व्हिडिओ बहुतेक इथे पोहोचायच्या आधीच संपतो. मग मूल 47 × 36 लाही तीच युक्ती लावतं. लावून बघा, घाम फुटेल. नावाचं म्हणाल तर या सूत्रांचं पुस्तक पुरीचे शंकराचार्य भारतीकृष्ण तीर्थ यांचं, ते त्यांच्या निधनानंतर 1965 साली छापलं गेलं. उपलब्ध वेदसंहितांत ही सूत्रं सापडत नाहीत. श्रीकृष्ण दाणी यांच्यासारख्या गणितज्ञांनी हे वारंवार लिहिलंय. वेदांतलं असो वा नसो, 1/2 + 1/3 वर त्याचा आत्ता उपयोग नाही.

त्या 2/5 कडे येते. थोरल्याला लाल पेनानं लसावि काढून दाखवू नका. आधी एवढंच विचारा, 2/5 अर्ध्याहून जास्त की कमी? त्याला वेळ लागेल. पाचाचं अर्धं अडीच, दोन त्याहून कमी. म्हणजे अर्ध्या पोळीत आणखी एक तुकडा घातला आणि पोळी अर्धीहून कमी झाली? मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ना, त्यासाठी मी शिक्षकी केली. आपलं उत्तर आपल्यालाच हास्यास्पद वाटलं की मूल स्वतःहून विचारतं, मग कसं करायचं.

मग वड्यांचं ताट काढा. खोबऱ्याच्या थापलेल्या वड्या, कागदावर काढल्या तरी चालतील, तीन बाय चार, एकूण बारा. अर्धं ताट सहा वड्या. एक तृतीयांश ताट चार वड्या. मिळून दहा, बारातल्या दहा, म्हणजे सहातल्या पाच. आता त्याला विचारा, बाराचं ताट का घेतलं, पाच वड्यांचं का नाही? पाचाचं अर्धं करताना वडी मोडते. सातचं? तेही नाही. दोन सारखे भागही पडतील आणि तीन सारखेही पडतील असं सगळ्यात लहान ताट कुठलं? सहाचं. लसावि म्हणतात तो हाच. एवढं ताट दिसल्यावर त्याला रीत द्या, खुशाल सराव करून घ्या, पंधरा गणितं द्या. सरावाला माझा विरोध नाही, रीत आधी आणि ताट कधीच नाही, याला आहे.

शाब्दिक उदाहरणांसाठी त्याला पट्टीचं चित्र काढायची सवय लावा. सिंगापूरच्या शाळांत 1980 च्या दशकात ही पट्टी रुजली. पुढे 1995 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथी आणि आठवी दोन्हींत गणितात सिंगापूर पहिलं आलं, तेव्हा जगाचं तिकडे लक्ष गेलं. यशाची कारणं बरीच होती, पण पट्टी फुकट आहे, आपण ती घेऊ. 'रमेशनं जवळच्या पैशांपैकी दोन पंचमांश खर्च केले, 90 रुपये उरले, तर आधी किती होते?' आडवी पट्टी काढायची, पाच घरं करायची, दोन रंगवायची. उरली तीन घरं, त्यात 90. एका घरात 30, पाच घरांत 150. ज्या मुलाला 'x मानू' म्हटलं की पोटात गोळा येतो, ते मूल हे हसत करतं. आणि x येतो तेव्हा त्या एका घराला x म्हणायचं, एवढंच उरतं.

'बाजारात पाठवा, व्यवहारातून गणित येईल' असं कुणी म्हणालं तर त्यावरही पूर्ण विसंबू नका. मी नवी असताना तिसरी-चौथीच्या वर्गात 612 भागिले 6 दिलं की निम्म्या वह्यांत 12 यायचं. मधलं शून्य गायब. मी लाल फुली मारायची आणि पुन्हा दहा भागाकार घालायची, आणि पुन्हा बारा यायचे. असं दोन-तीन वर्षं चाललं. एकदा एका मुलीला सहज विचारलं, तुझ्या आईच्या बचत गटात सहा जणींनी 612 रुपये वाटून घेतले तर? तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, 'शंभर-शंभर, आणि बारातले दोन-दोन. एकशे दोन, बाई.' मग स्वतःच वहीकडे बघून म्हणाली, 'मग हे बारा कुठलं?' तोवर तिच्या डोक्यातल्या एकशे दोनची आणि वहीतल्या बाराची गाठच पडली नव्हती, आणि ती घालून द्यायला मीही विसरले होते.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, तो वाचताना मला ही मुलगी आठवली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी चोख करत होती, आणि तशीच गणितं शाळेच्या भाषेत पुढे आली की अडत होती. उलट शाळेत जाणारी मुलं कागदावर बरी आणि बाजारातल्या हिशोबात कच्ची. ब्राझीलच्या रेसिफे शहरात नारळ विकणाऱ्या मुलांबद्दल 1985 सालीही हेच दिसलं होतं. म्हणून कोथिंबीर विकून झाली की तोच हिशोब वहीत मांडायचा, आणि वहीत भागाकार झाला की त्यातले रुपये कुणाला किती मिळाले ते बोलायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. रात्री नऊ वाजता, जेवणानंतर पेंगणाऱ्या पोराला घेऊन मात्र बसू नका.

पुढेमागे क्लास लावायचाच झाला तर पद्धतीचं नाव विचारू नका, एकच विचारा. मूल चुकलं की तुम्ही काय करता? 'आणखी वीस गणितं देतो' म्हणाले तर नमस्कार करून निघा. 'कसं केलंस ते सांगायला लावतो' म्हणाले, तर फळा असो, पाटी असो की मणी असोत, तिथे बसवायला हरकत नाही. सहा महिने तरी तोच ठेवा. दर दोन महिन्यांनी पद्धत बदललेली मुलं मी पाहिलीत. त्यांच्याकडे चार प्रकारच्या वजाबाक्या असतात आणि एकीवरही भरवसा नसतो.

राहता राहिली तुमची धास्ती. तुम्हाला गणित शिकवायचं नाहीच मुळी. तुम्ही विचारायचं, 'कसं केलंस गं?' उत्तर चूक असतानाही आणि बरोबर असतानाही. फक्त चुकल्यावरच विचारलं तर मुलं चार दिवसांत ओळखतात की आईनं विचारलं म्हणजे चुकलं, आणि बरोबर उत्तरसुद्धा खोडून टाकतात. तुम्हाला समजलं नाही तर तसं सांगा, 'मला नाही कळलं, पुन्हा सांग.' समजावून सांगताना मुलं अर्ध्यात थांबून 'अय्या, नाही नाही' करतात, तेव्हा मध्ये बोलू नका.

आणि सासऱ्यांना दुखवू नका, ते तुमच्या घरातलं मोठं घबाड आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, अपूर्णांकांना इतकी स्वतःची नावं असणारी आपली भाषा, आणि पाऊणकी पाठ असलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. धाकटीला तीसचा पाढा घोकायला लावण्याऐवजी थोरल्याला त्यांच्या शेजारी बसवा. पाऊण दुणे दीड, पाऊण त्रिक सव्वादोन, पाऊण चोक तीन असं आजोबांनी म्हणायचं, आणि नातवानं प्रत्येक ओळ वहीत अपूर्णांकात लिहून, वड्यांचं चित्र काढून दाखवायचं की आजोबा बरोबर आहेत की नाहीत. पाऊण त्रिकला तो 9/4 लिहील आणि आजोबा म्हणतील सव्वादोन. दोघांचं भांडण जुंपलं की तुम्ही स्वयंपाकघरात जा. ते त्यांचं त्यांना मिटवू दे, आणि काय ठरलं ते मला कळवा.